रुखवतातलं भरतकाम, झबल्यावरचं अप्लिक: जुने नग ओळखण्यापासून वापरात आणण्यापर्यंत

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची ट्रंक खाली येते. तळाशी धोतराच्या फडक्यात बांधलेलं एक गाठोडं निघतं. त्यात अभ्रे, टेबलक्लॉथ, ताटावर झाकायचे रुमाल, बाळाची कुंची, दोन-चार झबली. पंचवटीत, भद्रकालीत, जुन्या नाशकातले वाडे रिकामे होताना अशी गाठोडी फार निघतात. पण त्यांचं करायचं काय, हे कुणी सांगत नाही. कुणी ती बोहारणीला देऊन दोन पातेली घेतं, कुणी त्याच दिवशी वॉशिंग मशीन लावतं, कुणी 'आठवण आहे' म्हणून पुन्हा तशीच बांधून वर टाकतं. तिन्ही वाटांनी शेवटी कापड हातचं जातं.

आमच्या घरातलं आणि नंतर नात्यातल्या बऱ्याच जणींचं असं जुनं काम मी हाताळलं आहे. त्यातून जे कळलं ते क्रमाने लिहिते. सुई धरता येते पण जुन्या कापडाला हात लावायला धजावत नाही, अशांसाठी हे आहे. माझा आग्रह एकच: कुठलाही निर्णय घेण्याआधी नगाची उलटी बाजू पाहा. धुवायचं का, कोणता दोरा आणायचा, कुठून सुरुवात करायची, सगळं तिथे दिसतं.

१. आधी सामान जमवा

सामान जवळ नसताना काम सुरू केलं की ओला नग हातात आणि टॉवेल शोधायला धावपळ, असं होतं. म्हणून हे आधी काढून ठेवा:

- पांढरी, धुतलेली जुनी चादर (नग पसरायला) आणि दोन-तीन पांढरे टॉवेल
- मोठी पसरट परात किंवा टब. नाशकात गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, भरणाऱ्या बुधवारच्या बाजारात भांडीवाल्यांकडे मिळतो
- नायलॉनच्या मच्छरदाणीचा तुकडा, नगापेक्षा थोडा मोठा
- लोकरीच्या कपड्यांसाठी मिळतो तसला सौम्य लिक्विड साबण
- भरतकामाच्या सुया, ७ ते १० नंबरच्या (नंबर जितका मोठा, सुई तितकी बारीक), आणि अंगुस्तान
- बारीक टोकाची कात्री, टाचण्या (न गंजणाऱ्याच), लाकडी रिंग
- धुतलेलं मांजरपाट आणि जुन्या मलमलीचा किंवा मऊ सुती साडीचा तुकडा
- वही, पेन्सिल, पांढरी सुती पट्टी आणि फोन

फोन फोटोंसाठी. प्रत्येक नगाचे, काही करण्याआधी, दोन फोटो घ्या: एक सुलट्या बाजूचा, एक उलट्या. मध्येच टाके उसवायची वेळ आली तर नक्षी कशी होती हे त्यावरूनच कळतं.

दोरा मात्र आत्ताच आणू नका. तो पुढच्या पायरीनंतर.

२. काय हाती आलंय ते ओळखा

दिवसाच्या उजेडात पलंगावर चादर पसरा, हात धुऊन कोरडे करा, अंगठ्या आणि टोकाच्या बांगड्या काढून ठेवा. मग एकेक नग सोडून ढीग करा: सुती कापडावर सुती दोऱ्याचं काम एका बाजूला, रेशीम, जर, टिकल्या, आरसे, मोती असलेलं दुसऱ्या बाजूला, लोकरीचं तिसऱ्या, आणि कापडावर कापड लावलेलं, म्हणजे अप्लिक, वेगळं.

मराठी घरातल्या गाठोड्यात बहुतेक माल रुखवतातला असतो. लग्नात मुलीच्या हातचं काम मांडून दाखवायचं, म्हणून वर्ष-वर्ष आधी तयारी चालायची. केसमेंटवर किंवा पॉपलीनवर मोर, पोपट, हंसांची जोडी, गुलाबाची फांदी; अभ्र्यांवर 'स्वीट ड्रीम्स' नाहीतर 'शुभरात्री'; मॅटीवर क्रॉस स्टिच. आपल्याकडे द्राक्षाचा घडही दिसतो, जांभळ्या भरीव टाक्यात. देठाला दांडी टाका, पाकळ्यांना लेझी डेझी, परागाला गाठीचा टाका, कडेला काज टाका किंवा क्रोशाची लेस, ही रचना इतकी ठरलेली असते की एक नग नीट पाहिला की दुसरा वाचता येतो. घरात कुणाचं मूळ हुबळी-धारवाडकडचं असेल तर कर्नाटकी कशिदाही निघतो: कापडाचे धागे मोजून, गाठ न मारता भरलेला, उलट्या बाजूनेही तितकाच नेटका.

गाठोड्यात एखादी जाड फाइल निघाली तर ती आधी जपा. शिवणकामाच्या कोर्ससाठी मुली नमुन्यांची फाइल करत. प्रत्येक पानावर कापडाचा चौकोनी तुकडा, त्यावर एक टाका, खाली शाईने त्याचं नाव. तीच बाई पुढे अभ्रे भरत असेल तर तिचा हात, तिचे आवडते टाके, दोरा संपवायची तिची पद्धत या फाइलमध्ये स्पष्ट दिसते. दुरुस्तीला याहून चांगला आधार नाही.

अप्लिकची परंपरा देशभर आहे. ओडिशातल्या पिपलीचं काम जगन्नाथाच्या उत्सवातल्या छत्र-चांदव्यांशी जोडलेलं; गुजरातेत कटाब, बिहारमध्ये खटवा. आपल्या घरांत ते मुख्यतः लहान मुलांच्या कपड्यांवर आणि पडद्यांवर भेटतं: झबल्यावर बदक, फ्रॉकच्या खिशावर ससा, टेबलक्लॉथच्या कोपऱ्यात कापलेल्या कापडाची फुलं.

इथे एक सावधगिरी. येवल्याची पैठणी गाठोड्यात असेल तर ती बाजूला काढा. तिच्या पदरावरचा मोर मागावर विणलेला आहे, वरून भरलेला नाही. तिला या लेखातलं काहीही करायचं नाही. जुनी जर विकत घेणारे दारावर येतात, त्यांनाही घाईने देऊ नका.

३. नग उलटा करा

या पायरीला वेळ द्या. खिडकीपाशी बसा, नग उलटा करून मांडीवर घ्या.

पहिलं बघायचं ते, काम हाताचं की मशिनचं. हाताच्या कामात मागे दोरा एका फुलावरून दुसऱ्या फुलाकडे गेलेला दिसतो, टोकं टाक्यांखाली ओवलेली असतात, कुठे गाठ, कुठे दोरा बदललेला. दोन पानं कधी तंतोतंत सारखी नसतात. मशिनच्या कामात मागे बॉबिनचा बारीक, बहुधा पांढरा, दोरा एकसारखा चाललेला असतो. पायाच्या मशिनवर रिंग लावून केलेलं जुनं भरतकामही असतं आणि ते हलकं मुळीच नाही, कारण तिथेही नक्षी हातानेच फिरवलेली असते. पण मागे कागदासारखं पांढरं अस्तर चिकटलेलं असेल तर ते अलीकडचं कॉम्प्युटर भरतकाम.

दुसरं, छापाची रेघ. पूर्वी भोकं पाडलेल्या ट्रेसिंग पेपरवरून रॉकेल आणि निळीने नक्षी उमटवत. जिथे टाका रेघेवर बसला नाही तिथे निळसर ठिपके अजून दिसतात. ते डाग समजून घासू नका.

तिसरं, रंग. उलट्या बाजूला ऊन लागलेलं नसतं, म्हणून मूळ रंग तिथे टिकतो. वरून फिकट गुलाबी दिसणारं फूल मागे गर्द राणी रंगाचं निघतं. एवढा फरक असेल तर तो दोरा उजेडाला कच्चा आहे हे समजा; असा नग खिडकीसमोर किंवा भिंतीवर लावायचा नाही.

चौथं, गळती. एखाद्या रंगाभोवती मागच्या कापडावर हलकी छटा पसरली असेल, तर तो दोरा पूर्वी कधीतरी ओला होऊन रंग सोडून बसला आहे. पुन्हा ओला झाला तर पुन्हा सोडेल. बहुतेकदा लाल, मरून, काळा किंवा गडद निळा.

पाचवं, कापडाची ताकद. नग उजेडासमोर धरा. कुठे सूत विरळ झालंय, घडीच्या रेषेवर चिरा पडल्यात का, हे लगेच दिसतं. कोपऱ्यातला एक धागा सुईने किंचित उचलून बघा. तो भुगा होऊन तुटला तर तो नग धुवायचा नाही. फक्त झटकून, सपाट ठेवून जपायचा.

हे सगळं वहीत लिहा. नगाला क्रमांक द्या, उलट्या बाजूला काय दिसलं ते दोन ओळींत. दोऱ्याच्या दुकानात ही वही सोबत लागेल.

४. घरातल्या मोठ्यांना विचारा

काम कुणी केलं, कुणाच्या लग्नाच्या वेळचं, कापड कुठून आणलं, कुणाकडून शिकली. आजी, आत्या, मोठी काकू, ज्या कुणी असतील त्यांच्या हातात नग द्या आणि मग विचारा. नुसतं फोनवर विचारलं तर 'होतं काहीतरी' एवढंच उत्तर येतं. हातात आल्यावर बोटं टाक्यांवरून फिरतात आणि आपोआप सांगणं सुरू होतं. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा. नंतर सुती पट्टीवर पेन्सिलीने नाव आणि अंदाजे साल लिहून ती पट्टी नगाच्या मागे एका कोपऱ्यात दोन कच्च्या टाक्यांनी लावा. पेनची शाई वापरू नका, ती पाण्यात पसरते.

५. रंग जातो का, ते तपासा

पांढऱ्या कापडाचा तुकडा साध्या पाण्यात भिजवून पिळा. नगाच्या उलट्या बाजूने एका रंगाच्या दोऱ्यावर ठेवा, वर बोटाने दाबा, मिनिट-दोन मिनिटं तसंच धरा. छटा उतरली का पाहा. मग साबणाच्या पाण्याने हेच करा. प्रत्येक रंगाची वेगळी परीक्षा घ्या. हिरवा पक्का निघाला म्हणून लालही पक्का असेल असं नसतं. अप्लिक असेल तर वर लावलेल्या प्रत्येक कापडाचीही.

मीठ किंवा व्हिनेगर टाकलं की रंग जात नाही, असं सर्रास सांगतात. सुती दोऱ्याचा सुटणारा रंग त्याने पक्का होत नाही. त्या भरवशावर नग भिजवू नका. रंग उतरत असेल तर तो नग ओला करायचा नाही, एवढंच.

आणि धुताना अचानक रंग सुटलाच तर? नग वाळू देऊ नका. भरपूर थंड पाण्यात पूर्ण बुडवा, पाणी बदलत राहा, रंग येणं थांबेपर्यंत. अर्धवट ओला नग दोरीवर टाकला की रंग पसरून कायमचा बसतो.

६. धुणं

धुवायच्या आधी धूळ काढा. मच्छरदाणीचा तुकडा नगावर पसरून वरून व्हॅक्यूम क्लीनर मंद ठेवून फिरवा. नसेल तर मऊ ब्रशने टाक्यांच्या दिशेने झटका. धुळीसकट भिजवलं की चिखल टाक्यांत शिरतो.

मग परातीत कोमट पाणी घ्या. मच्छरदाणी खाली, तिच्यावर नग पसरून ठेवा. उचलायचं ते नेहमी मच्छरदाणीला धरून. जुनं सूत ओलं झालं की पाण्याच्या वजनाने जड होतं, आणि कोपऱ्याला धरून उचललं की तिथेच फाटतं.

पहिलं भिजवणं नुसत्या पाण्यात. जुन्या सुती कापडाचा पिवळेपणा हवेने सूत हळूहळू ऑक्सिडाइझ झाल्याने येतो आणि त्यातला बराच भाग पाण्यात सुटतो. तासाभरात पाणी चहाच्या रंगाचं झालं तरी घाबरू नका. पाणी ओता, दुसरं घ्या. पाणी स्वच्छ राहायला लागलं की मगच सौम्य साबण, तोही अगदी थोडा. चोळू नका, तळहाताने वरून हलकेच दाबत राहा.

नाशकात पाण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी असेल तर ठीक. पण पुष्कळ नव्या वसाहतींत बोअरचं पाणी मिसळलेलं असतं. ते जड असतं, साबणाचा थर कापडात राहतो, आणि त्यात लोह असेल तर पिवळे ठिपके उठतात. अशा ठिकाणी शेवटचं खंगाळणं आरओच्या पाण्यात करा.

पिळायचं नाही. टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट गुंडाळा, दाबून पाणी शोषू द्या. मग कोरड्या टॉवेलवर सावलीत सपाट वाळवा, आणि ओलं असतानाच बोटांनी कडा सरळ करून घ्या.

रिठ्याबद्दल नेहमी विचारतात. रिठा सौम्य आहे, पण त्याचं पाणी तपकिरी असतं आणि पांढऱ्या कापडावर पिवळट झाक राहू शकते. गडद रेशमाला चालेल, पांढऱ्या अभ्र्याला नको. निळीचंही तसंच: ती पिवळेपणा काढत नाही, फक्त झाकते, आणि जुन्या कापडावर पट्टे उमटतात.

जर, टिकल्या, आरसे, मोती असलेले नग घरी धुऊच नका. जर काळी पडते, आणि फार जुन्या टिकल्या जिलेटिनच्या असतील तर पाण्यात चक्क विरघळतात.

७. डाग

हळदीचा डाग साबणाने लालसर होतो, तो तसा झाला म्हणजे बिघडला असं नाही. खंगाळा, आणि ओलाच असताना फक्त डागाची जागा उन्हात धरा. ऊन हळद उडवतं. मात्र उन्हाने दोऱ्याचा रंगही जातो, म्हणून भरलेला भाग जाड कापडाने झाकून ठेवा.

गंजाचे डाग ट्रंकेमुळे आणि टाचण्यांमुळे पडतात. दोरा नसलेल्या पांढऱ्या जागेवर लिंबाचा रस आणि मीठ लावून थोडा वेळ उन्हात ठेवा, मग भरपूर पाण्याने धुऊन टाका. आम्ल सुतात राहिलं तर सूत कमजोर होतं. रंगीत टाक्यांवरचा गंज तसाच राहू द्या. क्लोरीनवालं ब्लीच कुठेही वापरू नका. गंजावर ते घातलं की तिथलं सूत जळून काही दिवसांनी भोक पडतं.

तेलाचा जुना डाग, शाई, घडीवरचे तपकिरी ठिपके पूर्ण जातीलच असं नाही. डाग राहिलेला, पण धड असलेला अभ्रा घासून विरवलेल्या स्वच्छ अभ्र्यापेक्षा कधीही चांगला.

८. दोरा आणणं आणि सुटलेले टाके भरणं

आता मेन रोडला जा. मेन रोड, रविवार कारंजा, दहीपूल या भागात दोरे, लेस, बटणांची दुकानं आहेत. दुपारी जा, गर्दी कमी असते, आणि नग सोबत न्या. फोनमधल्या फोटोवरून रंग जुळवणं हा या कामातला सगळ्यात सामान्य फसवा प्रकार आहे. दुकानाच्या ट्यूबलाइटखालीही ठरवू नका. लडी घेऊन दाराशी उजेडात या.

रंग कोणता जुळवायचा? मागे मूळ रंग गर्द दिसतो म्हणून तो घ्यायचा मोह होतो. पण नवा दोरा जुन्या, उडालेल्या टाक्यांच्या शेजारी बसणार आहे. म्हणून सुलट्या बाजूला जुळणारा, आणि शंका असेल तिथे एक छटा फिकट घ्या. फिकट टाका नजरेआड होतो, गडद टाका डोळ्यात खुपतो.

अँकर कंपनीच्या दोऱ्याची लडी ८ मीटरची आणि सहा पदरी असते. पदर वेगळे करून हवे तेवढे वापरायचे. जुन्या कामात किती पदर घेतले होते ते तुटलेलं टोक सुईने उलगडून मोजा. बहुतेक दोन किंवा तीन निघतील. डीएमसी ही फ्रान्सच्या मुलहाउसमधली १७४६ सालची कंपनी. छटा जास्त हव्या असतील तर तिचे दोरे बघा. शिलाई मशिनचा साधा दोरा घेऊ नका. भरतकामाच्या सुती दोऱ्याला जी चकाकी असते ती मर्सराइझ केल्याने येते. १८४४ साली जॉन मर्सर यांनी सूत कॉस्टिक सोड्यातून काढून पाहिलं, त्या शोधाचं नाव या प्रक्रियेला पडलं. तसा दोरा नसेल तर दुरुस्ती मंद, मळकट दिसते.

भरताना जुनी भोकं शोधा. टाका निघून गेला तरी सुईची भोकं कापडात राहतात, उजेडासमोर धरलं की ओळीने दिसतात. त्याच भोकांतून सुई काढा. नवी गाठ मारू नका. दोरा मागच्या जुन्या टाक्यांखाली ओवून अडकवा. आणि शेजारचे सैल पण शाबूत टाके 'एकसारखं दिसावं' म्हणून उसवून नव्याने भरू नका. तो हात पुन्हा मिळत नाही.

रिंग लावायचीच असेल तर तिच्यावर सुती पट्टी गुंडाळा, सैल लावा आणि काम थांबवलं की काढून ठेवा. रात्रभर लावलेली रिंग जुन्या कापडावर कायमचा गोल उठवते.

९. अप्लिकची दुरुस्ती

अप्लिक वेगळ्या रीतीने खराब होतं. बघायला घेऊ या एक झबलं. पांढरी मलमल, छातीवर पिवळ्या पॉपलीनचं बदक. कडेने तपकिरी दोन पदरी काज टाका, डोळ्याला काळी गाठ. चोचीपाशी टाके एकदम जवळजवळ आलेत, कारण तिथे कापड निमुळतं आहे, दुमड बसत नव्हती आणि सुतं सुटायला लागली होती; करणारीने टाके दाट करून ती धरून ठेवली. शेपटीकडे मात्र काज टाका सुटला आहे, कड उलगडली आहे, आणि पोटावर चुण्या आहेत.

चुण्या का पडतात? खालचं कापड आणि वरचं कापड धुण्यात वेगवेगळं आटतं म्हणून. मलमल आटली, पॉपलीन तेवढं आटलं नाही. इस्त्रीने त्या चुण्या दाबून टाकायचा प्रयत्न व्यर्थ आहे. फार असतील तर कडेचे टाके थोड्या भागात सोडून, वरचं कापड सैल करून, पुन्हा बसवा. थोड्या असतील तर राहू द्या.

सुटलेली कड बसवायची पद्धत:

क) आतली दुमड सुईच्या टोकाने हळूच परत आत सारा. जुनी घडीची रेष दिसते, तिच्यावरच दुमडा.
ख) आतल्या वळणावर कापड ताणलं जात असेल तर दुमडीच्या भागात अगदी बारीक चीर द्या, कडेच्या रेषेच्या अलीकडे थांबा.
ग) वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने कच्चा धावदोरा घालून टाचून घ्या.
घ) मग त्याच रंगाच्या, तेवढ्याच पदरांच्या दोऱ्याने, जुन्या टाक्यांच्या अंतराने काज टाका. शेवटी कच्चा दोरा काढा.

वरचा तुकडाच विरून गेला असेल तर नवा तुकडा जुन्याच्या वरून लावा, जुना काढू नका. खाली तो सुरक्षित राहतो आणि आकारही देतो. नवा तुकडा आकारापेक्षा साधारण ५ मिलिमीटर मोठा कापा. कापड आधी एकदा गरम पाण्यात धुऊन वाळवून, म्हणजे पूर्ण आटवून घ्या. सुतीवर सुतीच लावा. टेरिकॉटचा तुकडा लावला की सुतीला लागणाऱ्या इस्त्रीच्या आचेत तो वितळतो.

इस्त्रीने चिकटणारं फ्युजिंग किंवा गोंद सोपा वाटतो. जुन्या नगाला तो लावू नका. काही वर्षांत पिवळा पडतो, कडक होतो आणि सोडवता येत नाही.

१०. कापडच गेलं असेल तर

भरलेला भाग धड आणि भोवतालचं कापड विरलेलं, असं अभ्र्यांच्या बाबतीत फार होतं. मागून जुन्या मलमलीचं अस्तर लावा, विरलेल्या जागेच्या पुढे दोन बोटं जाईल एवढं, आणि बारीक धावदोऱ्याने दोन्ही कापडं धरा. तेही शक्य नसेल, तर भरलेला भाग भोवती कापड राखून कापा आणि नव्या सुती कापडावर अप्लिक करा. कापणं शेवटचा उपाय. ज्यांनी केलं त्या हयात असतील तर आधी त्यांना विचारा.

नग फार जुना, रेशमी किंवा जरीचा असेल तर हे घरचं काम नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तू जतन करण्याचं केंद्र आहे, तिथे चौकशी करा.

११. इस्त्री आणि ठेवण

जाड टॉवेलवर नग पालथा ठेवून, किंचित दमट असताना, उलट्या बाजूने इस्त्री फिरवा. टाके टॉवेलमध्ये रुततात आणि सुलट्या बाजूला उठून दिसतात. वरून इस्त्री केली की भरीव टाका चपटा होतो आणि गाठी दबतात.

ठेवताना खळ नको. साबुदाण्याची खळ अभ्र्याला छान दिसते, पण खळ म्हणजे कसरीचं खाणं. वापरायला काढाल तेव्हाच घाला. प्लास्टिकची पिशवीही नको, दमट हवा आत कोंडते. लाकडी कपाटात थेट लाकडावर ठेवलं तर तपकिरी डाग येतात. खाली धुतलेलं मांजरपाट अंथरा, नग त्यातच गुंडाळा. मोठे नग घडी घालण्याऐवजी गुंडाळून ठेवा. घडी घालायचीच तर मध्ये मऊ कापडाची वळकटी ठेवा आणि दर वेळी रेष बदला. डांबराच्या गोळ्या आणि कडुनिंबाचा पाला कापडाला टेकता कामा नये; दोन्ही वेगळ्या फडक्यात बांधून कोपऱ्यात.

पावसाळ्यात गाठोडं उघडू नका. दसऱ्यानंतर, नाशकात कोरडी थंडी सुरू झाली की एकदा सगळं बाहेर काढा, सावलीत वारा द्या, घड्या बदला, वहीत तारीख टाका.

१२. वापरात आणा

मजबूत सुती अभ्रे पाहुणे आले की वापरा, थेट डोक्याखाली नाही तर वरच्या उशीला. केसांचं तेल लागत नाही. ताटावरचे रुमाल गौरी-गणपतीत नैवेद्याच्या ताटावर. टेबलक्लॉथ चौरंगावर, वर काच किंवा प्लास्टिक न टाकता. कुंची आणि झबलं बारशाला तासभर घालायला काय हरकत आहे, फक्त आतून मऊ मलमलीचा नवा सदरा घाला आणि कुंची-झबल्याची नाडी-बटणं आधी ओढून बघा, सैल असतील तर नवी लावा. फ्रेम करायची तर गोंद न लावता कडेने टाके घालून पुठ्ठ्यावर ताणा, पुठ्ठा मांजरपाटात गुंडाळलेला असू द्या, आणि काच कापडाला टेकू देऊ नका. फ्रेमच्या मागे तुमच्या वहीतला क्रमांक आणि करणारीचं नाव लिहा.

वापरलेला नग त्याच दिवशी झटकून, डाग असेल तर ओला असतानाच धुऊन, पूर्ण वाळल्यावरच परत मांजरपाटात ठेवा.